नवऱ्याला पॉवर ऑफ अॅटर्नी द्यायची, पण भीती वाटते

मागच्या वर्षी नाशिकच्या एक ताई माझ्याकडे आल्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). पेशाने नर्स, मस्कतला दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर नोकरी लागलेली, तिकीट पंधरा दिवसांवर आणि बोलता बोलता रडायलाच लागल्या. नवऱ्याने कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून कुलमुखत्यारपत्र (जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे आपल्या वतीने सगळे व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) टाईप करून आणलं होतं, जायच्या आत सही कर म्हणाला होता. "मॅडम, सही करायची भीती वाटते, आणि नको म्हणायची त्याहून जास्त. बारा वर्षांचा संसार आहे, तो म्हणेल माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" त्यात भावाचाही फोन आलेला, वडिलांनी निफाडकडची वीस गुंठे जमीन ताईंच्या नावावर केलीय, दाजी ती विकून टाकतील बघ म्हणून.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो, बोटीवर जाणारे नवरे विचारतात, बदलीवर जाणाऱ्या बायका विचारतात, आणि सगळ्यांचा घोळ एकच असतो की कागदाचा प्रश्न ते प्रेमाच्या तराजूत तोलतात. मी ताईंना म्हटलं, पुढच्या वेळी दोघं या आणि तो कागद घेऊन या.

आले. नवरा दुखावलेला होता, साहजिक आहे. "मी काय फ्लॅट घेऊन पळून जाणार आहे का?" मी वाद घातला नाही, फक्त म्हटलं, दादा हा कागद जरा मोठ्याने वाचा. त्यांनी स्वतःही तो नीट वाचलेला नव्हता! विक्री करणे, गहाण ठेवणे, बक्षीसपत्र करून देणे, कर्ज काढणे, दुसरा मुखत्यार नेमणे, 'व तत्सम सर्व कामे करणे', आणि शेवटी 'सदर मुखत्यारपत्र अपरिवर्तनीय राहील', म्हणजे नंतर रद्द करता येणार नाही. बक्षीसपत्रावर ते थांबले. "मला तर फक्त सोसायटीची मीटिंग, घरपट्टी, भाडेकरू आणि बँकेचं बघायचंय."

मग थोडा वेळ गप्प राहून जे बोलले ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठा भाऊ वर्षभर मागे लागलाय, धंद्यासाठी तुमचा फ्लॅट तारण द्या म्हणून. फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यामुळे आजपर्यंत "हिची सही लागेल" एवढं म्हणून ते सुटायचे. हिच्या वतीने सही करायचा अधिकार एकदा खिशात आला की दादाला काय सांगणार? म्हणजे त्या मोकळ्या कागदाचा धोका एकट्या ताईंना नव्हता, नवऱ्यालाही होता. चांगला माणूससुद्धा घरच्यांच्या दबावाखाली सही करतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय ना.

नंतर त्यांना वकिलांकडे पाठवलं आणि कागद नव्याने झाला. कुलमुखत्यारपत्राऐवजी विशेष मुखत्यारपत्र, त्यात कामं एकेक करून लिहिली, फ्लॅटचा पूर्ण पत्ता, भाडेकरार फक्त अकरा महिन्यांचा, मुदत दोन वर्षं. विक्री, गहाण, बक्षीस, जामीन यांचा अधिकार नाही हे स्पष्ट शब्दांत, दुसऱ्याला अधिकार देता येणार नाही हेही. 'अपरिवर्तनीय' शब्द काढून टाकला. तो शब्द खरा लागू होतो तो मुखत्याराचा स्वतःचा त्या मालमत्तेत हितसंबंध असेल तेव्हा, पण कागदावर राहिला की उद्या त्यावरून कोर्टात वर्षं जातात. माहेरची जमीन कागदात घेतलीच नाही. बँकेसाठी बँकेच्याच फॉर्मवर वेगळा अधिकार दिला. आणि हिशोब दर महिन्याला पाठवायचा असं लिहिलं, तसं १८७२ च्या करार कायद्यानेही मुखत्याराला मागितल्यावर हिशोब द्यावाच लागतो. ताई इथे असतानाच दुय्यम निबंधकांसमोर सही झाली हे बरं झालं, नाहीतर तिकडून भारतीय दूतावासात सही करा, कागद इथे आला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा, ही धावपळ मागे लागली असती.

नवऱ्याने एक प्रश्न विचारला, जो बरेच जण विचारत नाहीत. हिला तिकडे काही झालं तर हा कागद चालेल ना? नाही चालणार. देणारी व्यक्ती गेली किंवा तिची मानसिक क्षमता गेली की आपल्याकडे मुखत्यारपत्र तिथेच संपतं, ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज असते नेमकं त्याच दिवशी. कोमातल्या नवऱ्याचे व्यवहार बघता यावेत म्हणून बायकांना पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागलंय. म्हणून मृत्युपत्र आणि खात्यांचं नॉमिनेशन वेगळं करायचं, ते ताईंनी त्याच आठवड्यात केलं.

आणि ज्यांनी मोकळं पत्र आधीच देऊन ठेवलंय त्यांनी घाबरू नका, पण नुसता कागद फाडूनही चालत नाही हं. रद्द करण्याचा दस्त करा, पत्र नोंदवलेलं असेल तर हाही नोंदवा, मुखत्याराला स्पीड पोस्टाने कळवा, बँक, सोसायटी, तलाठी सगळ्यांना लेखी द्या, पेपरात जाहीर नोटीस द्या, मूळ प्रत परत मागा. रद्द झाल्याचं ज्याला कळलंच नाही त्याच्याशी झालेला व्यवहार तुमच्या गळ्यात पडू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी वेगळं राहायला लागल्यावर तीन वर्षं हे केलंच नाही, कपाटात पडलंय म्हणत राहिले, आणि तोवर फ्लॅटवर कर्ज चढलेलं.

ताईंचा दिवाळीत मस्कतहून फोन आला होता. मोठ्या दिरांनी परत तारणाचा विषय काढला, तर नवऱ्याने कागदच समोर ठेवला, बघ दादा, यात मला अधिकारच नाही. दीर चार दिवस बोलले नाहीत, मग भाऊबीजेला आले. मुदत पुढच्या वर्षी संपतेय, आता दोघांचं रोज फोनवर चाललंय की भाडेकराराचा अधिकार परत द्यायचा का, कारण ताईंना त्या घरात भाडेकरू नकोच आहे, सासूबाईंना तिथे राहायला आणायचंय.