"मॅडम, कान छापून मिळतो ना आता?"

अर्णवचे बाबा (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलले. मोबाइलवर व्हिडिओ काढूनच ठेवला होता. "पहिलीत जायच्या आधी बसवून टाकू. पोरं चिडवतात हो." शेजारी आई गप्प. पाच वर्षांचा अर्णव भर मे महिन्यात कानटोपी घालून बसलेला.

त्याला उजव्या बाजूचा मायक्रोशिया आहे. कानाच्या जागी शेंगेएवढा मांसल उंचवटा आणि कानाचं छिद्र बंद. डावा कान छान आहे. बारशाच्या वेळी सोनारानं तो एकच टोचला. दुसरी बाळी आजीनं डबीत जपून ठेवली आहे, हे आईनं नंतर सांगितलं.

प्लास्टिक सर्जरी विभागात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना हाच प्रश्न पडलेला असतो. बातमी खोटी नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत एका वीस वर्षांच्या तरुणीला तिच्याच पेशींपासून थ्रीडी प्रिंटिंगनं छापलेला कान बसवला होता. पण तो चाचणीचा भाग होता, दवाखान्यात रोज मिळणारा उपचार नव्हे. बाबांचा चेहरा पडला. मी ड्रॉवरमधून नमुन्याचा कान काढून त्यांच्या हातात दिला. पांढरा, हलका, नख फिरवलं तर थरांच्या बारीक रेघा लागतात.

थ्रीडी प्रिंटिंगचा आज खरा उपयोग इथे होतो. चांगल्या कानाचं स्कॅन करतात, संगणकावर त्याची आरशासारखी उलटी प्रतिमा करतात आणि ती छापतात. सर्जन बरगडीची कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) काढून, हा नमुना समोर ठेवून, तिच्यातून कानाचा सांगाडा कोरतात आणि कातडीखाली बसवतात. पूर्वी पारदर्शक फिल्मवर चांगल्या कानाची रेघ काढून ती उलटी वापरायचे, आजही वापरतात. पण रेघेतून लांबी-रुंदी कळते. कुठे किती खोल, कुठे किती उंच, ते हातात धरलेल्या नमुन्यातच कळतं.

"म्हणजे हे प्लास्टिक आत राहत नाही?" आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नाही. शिंप्याकडे मापाला दिलेला सदरा असतो ना, तसं हे. कान त्याच्याच शरीराचा."

म्हणूनच घाई चालत नाही. बरगडीत पुरेशी कूर्चा हवी. छातीचा घेर साठ सेंटिमीटरच्या आसपास झाला की, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, ही शस्त्रक्रिया बहुधा दोन टप्प्यांत करतात. कृत्रिम सांगाडा त्याआधीही बसवता येतो, पण तो कातडीतून उघडा पडण्याची भीती असते. त्याबद्दल सर्जनशी निवांत बोला, असं मी सांगितलं. मला स्वतःला थांबणं पटतं, कारण दहा वर्षांचं मूल "मला हवाय" किंवा "नकोय" हे स्वतः सांगू शकतं.

बाबा अर्णवला पाणी प्यायला घेऊन गेले आणि आई खालच्या आवाजात म्हणाली, "ग्रहणात मी मेथी निवडली होती. सातवा महिना होता. सासूबाई नको म्हणाल्या होत्या."

२६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण. पाच वर्षं ही बाई ती मेथीची जुडी मनात घेऊन फिरत होती. मला फार वाईट वाटलं. मी कॅलेंडर काढून महिने मोजून दाखवले. बाहेरचा कान गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास घडू लागतो आणि पाचव्या महिन्यापर्यंत त्याला बहुतेक आकार येतो. सातव्या महिन्यात घडायचं काही राहिलेलंच नव्हतं. आणि दुसऱ्या महिन्यात ग्रहण आलं असतं तरी सुरी, मेथी, सावली यांनी कान अडत नाही. बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही. ती रडली. मी थांबले.

मग जे आज करण्यासारखं आहे ते बोललो. बाहेरचा कान बनवला तरी तेवढ्यानं ऐकू येऊ लागत नाही, ती वेगळी गोष्ट. त्याची बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी ऐकण्याची तपासणी, झालेलीच नव्हती. एका कानानं बोलणं आलंय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. हाडावाटे आवाज पोचवणारं यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर लावता येतं, त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. आणि वर्गात डावा कान बाईंकडे येईल अशी जागा मागायची.

अर्णव परत आला. टेबलावरचा कान उचलून त्यानं उजव्या गालाशी धरला, बाबांच्या मोबाइलच्या काचेत बघितलं आणि म्हणाला, "पडतोय." मग घामेजलेली टोपी काढून मांडीवर ठेवली. आईचा हात सवयीनं टोपीकडे गेला आणि तिथेच थांबला.

निघताना तिनं विचारलं, "बेरा कुठल्या मजल्यावर करतात?"