कांद्याच्या गोंड्यात बी भरत नाही : गावाने मिळून करायचा मधमाश्यांचा नकाशा

प्रश्न : गावात दहा-बारा जण कांदा बीजोत्पादन घेतात. गोंडे (फुलांचे गुच्छ) चांगले येतात, पण बी पोचट निघते. माश्या दिसत नाहीत. मधपेट्या आणल्या की भागेल का?

उत्तर : पेट्या जरूर ठेवा. साधारण दहा टक्के गोंडे उमलल्यावर एकरी दोन-तीन पुरतात. पण भाड्याच्या पेट्या फुलोरा संपला की परत जातात. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते, म्हणून दुसऱ्या फुलावरून पराग आणणारा कीटक लागतोच. सातेरी (पेटीतही पाळली जाणारी देशी मधमाशी) बहुतेक चारा किलोमीटरभराच्या आत शोधते, एकट्या राहणाऱ्या लहान माश्या काहीशे मीटरांतच. तुमच्या प्लॉटवर येणारी माशी दुसऱ्याच्या बांधावर, गायरानात नाहीतर ओढ्याकाठी राहते. त्यामुळे या रानातल्या माश्या जपणे हे एकट्याचे काम नाही.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्या आणि शिवारफेरी काढा. गुराखी, गवत कापणाऱ्या बाया आणि मोहोळ काढणारे यांना पुढे ठेवा. माश्यांच्या घरट्यांच्या जागा त्यांनाच ठाऊक असतात. गट नंबरनिहाय खुणा करा : झाडाच्या ढोलीत, विहिरीच्या कपारीत सातेरी, झुडपात एकच पोळे बांधणारी लहान फुलोरी माशी, वड-पिंपळावर किंवा पाण्याच्या टाकीवर आग्या (हिची नोंद लांबूनच), भिंतीच्या फटीत कोती (डंख नसलेली बारीक माशी), वाळक्या लाकडात काळा भुंगा, उघड्या मातीच्या बांधावर एकट्या माश्यांची बारीक बिळे. पोळ्यांच्या नेमक्या जागा चावडीवर लावू नका, मध लुटला जातो. त्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ठेवा.

त्याच नकाशावर कोणत्या महिन्यात काय फुलते ते लिहा. बोर, शेवगा, जांभूळ, कडुनिंब, करंज, चिंच यांतून रिकामे महिने लगेच उघडे पडतात. ते भरायला बांधावर तीळ, कारळा, बडीशेप, धने घ्या. इथे हमखास चूक होते : मोहरी किंवा धने कांद्याबरोबरच फुलतात. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, माश्यांना तो कमी आवडतो; त्या शेजारच्या पिकावरच थांबतात. शेजारचा फुलोरा कांद्याच्या आधी संपेल अशी पेरणी करा, नाहीतर गोंडे उमलताच तो कापून टाका.

फुलकिड्यांसाठीची (रस शोषणारी बारीक कीड) फवारणी गोंडे उमलण्यापूर्वी उरका. फुलोऱ्यात फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशके अजिबात नकोत. अगदीच गरज पडली तर निंबोळी अर्क, तोही सूर्यास्तानंतर. निळे-पिवळे चिकट सापळे त्या दिवसांत काढून ठेवा, त्यांत माश्याही अडकतात. शेजारच्या एका प्लॉटवर भर दुपारी फवारा झाला तरी सगळ्यांची मेहनत वाया जाते, म्हणून फवारणीच्या वेळा ग्रामसभेत ठरवून घ्या. बांध जाळणे आणि आग्या मोहोळाला धूर देऊन पेटवणे यांवरही तिथेच बंदी घाला.

फरक मोजायचा असेल तर निरभ्र दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान प्लॉटच्या कडेचे दहा आणि मधले दहा गोंडे निवडा. प्रत्येक गटासमोर दहा मिनिटे थांबून किती माश्या बसल्या ते लिहा. शाळेतली मुले हे नेटके करतात. पुढच्या हंगामात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा.