वाचलं तर माझी शैली बिघडेल का?

फोंड्याहून २२ वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय. तीन वर्षं ती कथा लिहिते. वाचलं तर दुसऱ्यांची शैली आपल्यात उतरेल, या भीतीनं तिनं पुस्तकं जवळजवळ सोडलीच. परवा जिवलग मैत्रीण म्हणाली, "तुझ्या सगळ्या कथा एकसारख्याच." तेव्हापासून वही मिटलेली आहे. विचारते, 'ताई, माझ्यात लिहिण्याचं अंगच नाही का?'

बाय, अंग आहे. सुपारी सोलता सोलता तुझ्या कथेतली आजी एकदम गप्प होते, ती जागा मी दोनदा वाचली. पण त्याच कथेत पाऊस 'रिमझिम' पडतो आणि नायिका खिडकीशी उभी राहून डोळे पुसते. हे तुझं नव्हे गं. मालिकांतून, गाण्यांतून, येताजाता कानावर पडून ते तुझ्या वहीत शिरलंय. वाचणं सोडलं की जे सगळ्यांच्या तोंडी आहे तेच हाताला लागतं.

घरामागे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, आहे म्हणतेस. तिथे पाऊस आधी पोफळींच्या शेंड्यांवर वाजतो, थेंब खाली पोचायला वेळ लागतो. असाही पाऊस लिहिता येतो, हे दुसऱ्यांचे पाऊस वाचूनच कळतं. तुझ्याच तालुक्यातल्या बोरीचे बा. भ. बोरकर मराठीत लिहीत होते नि कोंकणीतही, दोन्हीकडचे वाच. फादर स्टीफन्स तर १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज. ओवी काही त्यांच्या घरची नव्हती. ती इथून घेऊन त्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ साली ते छापलं गेलं. ओवी घेतली म्हणून त्यांचं म्हणणं हरवलं नाही.

सुरुवातीला नक्कल होईल. होऊ दे. एकाच लेखकाला धरून बसलीस तर ती अंगाला चिकटते. दहा जण वाचलेस की एकाचा ठसा दुसरा पुसतो.

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे जा. एक कवितासंग्रह घे, एखादं जुनं पुस्तक घे, आणि एक साहित्याशी काही संबंध नसलेलं: झाडांचं, माशांचं, होड्यांचं. शब्दांचा खरा साठा अशा पुस्तकांत असतो, यावर माझा फार विश्वास आहे. आवडलेलं पान हातानं उतरवून काढ. वाक्य कुठे थांबलं ते हाताला कळतं.

मैत्रिणीवर रागावू नकोस. तिनं तुझ्या सगळ्या कथा वाचल्यात. पावसाचा परिच्छेद नव्यानं लिहिलास की आधी तिला दाखव, मग मला पाठव.