‘या, बघू’ एवढ्यावर निघू नका

तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर चौघं मित्र पुण्याहून गाडी काढून कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी, म्हणजे केजीएफ, बघायला निघालाय. सोबत एका मित्राचे आजोबा आहेत, ते तिथं कामाला होते. परवानगीसाठी तिथल्या कार्यालयात फोन केला तर ‘या, बघू’ म्हणाले, तेवढं पुरेल ना?

नाही पुरणार. नेमके हेच दोन शब्द मी नऊ वर्षांपूर्वी ऐकले होते, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

माझे काका टीआयएफआरमध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तंत्रज्ञ होते. ऐंशीच्या दशकात चॅम्पियन रीफ खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन हा कण आपोआप मोडतो का हे तपासणारा प्रयोग चालू होता, त्यावर ते होते. याच खाणीत १९६५ साली वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, टिपले गेले. वरचा खडक बाकीचे बहुतेक कण अडवतो, म्हणून एवढं खोल जायचं. पिंजऱ्यातून उतरताना कानात दडे कसे बसायचे, खाली खडक फुटला की वर वसाहतीतली भांडी कशी वाजायची, हे आम्ही सहकारनगरच्या घरात लहानपणापासून ऐकत आलो. शहात्तराव्या वर्षी त्यांनी एकच गोष्ट मागितली: शाफ्टवरच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरच्या, पिंजरा ओढणाऱ्या त्या मोठ्या चाकाखाली एकदा उभं राहायचं.

मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तेच उत्तर, तिसऱ्यांदा तर ‘वयस्कर माणूस आहे ना, मग काय प्रश्न’ असंही. मी त्यावर विसंबलो. कागद मागितला नाही, बोलणाऱ्याचं नाव लिहून घेतलं नाही आणि पोचलो तो नेमका महिन्याचा दुसरा शनिवार. कार्यालयाला कुलूप. गेटवरच्या रखवालदाराने ‘लेखी आहे का?’ एवढंच विचारलं. त्याचा काही दोष नव्हता. काकांना त्याने स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला.

सोमवारपर्यंत थांबलो. फोनवर बोललेले गृहस्थ रजेवर होते. जे हजर होते ते म्हणाले, परवानगी आम्ही देत नाही, दुसऱ्या कार्यालयातून आणा. तिथं गेलो तर त्यांनी परत इकडेच पाठवलं. मंगळवारी दुपारी सांगितलं की अर्ज करून जा, उत्तर टपालाने येईल. ज्या माणसाने आयुष्यातली सहा वर्षं त्या खाणीत घातली, त्याला साडेचार तास लाकडी बाकावर बसवून ठेवलं आणि आत बोलावून बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. कार्यालयाचं नाव मी घेत नाही, आज तिथं वेगळी माणसं असतील. पण राग अजून गेलेला नाही. काकांनी ते चाक रस्त्यावरून, झाडांच्या वरून दिसलं तेवढं पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये ते गेले. टपालाने उत्तर आलंच नाही.

म्हणून सांगतो, निघण्याआधी दीड-दोन महिने लेखी अर्ज करा. कोण येणार, कोणती तारीख, कोणत्या भागात आणि कशासाठी, सगळं त्यात हवं. सोबत ओळखपत्रांच्या झेरॉक्स लावा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. बंगळुरूला ओळखीचं कुणी असेल तर त्याच्या हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, ते सर्वांत उत्तम. मंगळवार ते गुरुवार यातलाच दिवस धरा. ही माझ्या अनुभवावरची मतं आहेत, नियम आता बदलले असतील, तेव्हा कुणाची परवानगी लागते हेही लेखीच विचारा. आणि उत्तर हातात पडल्याशिवाय आजोबांना शब्द देऊ नका. तरुण माणूस हिरमुसून परत येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातो. त्यांचं तसं नाही.

शाफ्टमध्ये उतरता येतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नाही. २८ फेब्रुवारी २००१ ला खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि खाली पाणी भरलं. सर्वांत खोल भाग सुमारे ३.२ किलोमीटरवर होता, तिथला खडक साठ अंशांच्या वर तापलेला असायचा. कुणी पैसे घेऊन ‘आत नेतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

सायनाइडच्या ढिगांवर फोटोसाठी चढू नका. सायनाइड वापरून सोनं काढल्यावर उरलेली ती बारीक पूड आहे, वारा सुटला की डोळ्यानाकात जाते. आजोबांना तर गाडीतून उतरवूच नका तिथं.

अजून एक, हे जरा कडक वाटेल. तुम्ही ‘ओसाड गाव’ लिहिलंय. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज या खाणींना मिळाली, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांत विजेचे दिवे नव्हते. आज शाफ्ट, बंगले, कारखाने पडीक आहेत हे खरं, पण कामगारांच्या चाळींत माणसं राहतात आणि हजारो लोक रोज पहाटेच्या गाडीने बंगळुरूला कामाला जातात. पत्रे उडालेली घरं दिसली की आपण कॅमेरा काढतो, आणि आत कुणाची तरी आजी जेवत असते. आधी विचारा. कन्नडपेक्षा तमिळ जास्त चालते, काकांच्या मोडक्या तमिळवर आम्हाला दोन घरांत जेवायला बसवलं होतं.

शक्य असेल तर गाडी नेऊ नका. आठशेहून जास्त किलोमीटर म्हाताऱ्या माणसाच्या कंबरेला झेपत नाहीत. उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरू गाठा, एक रात्र आराम करा आणि मग मारिकुप्पमची गाडी पकडा. बंगारपेटनंतरच्या छोट्या फाट्यावर कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन ही स्टेशनं लागतात, आजोबांना खिडकी द्या. परतताना बंगारपेटची पाणीपुरी खा, तिचं पाणी साध्या पाण्यासारखं नितळ असतं आणि चांगलंच झणझणीत लागतं.

आजोबा कोणत्या खाणीत, कोणत्या शाफ्टवर आणि कोणत्या वर्षी होते ते आजच विचारून लिहून ठेवा. जुनं ओळखपत्र किंवा पगाराची चिठ्ठी सापडली तर तिची झेरॉक्स अर्जाला लावा. अर्जाचा मसुदा इथं टाका, मी रात्री बघून दुरुस्त करून देतो.