डायमंड टर्निंगला नवीन आहेस? आधी एवढंच सांभाळ

डायमंड टर्निंग म्हणजे लेथवर फिरणारा तुकडा हिऱ्याच्या टूलने कापणं. पहिल्याच महिन्यात लेन्सच्या मोल्डवर, म्हणजे साच्यावर, आरशासारखं फिनिश हवं, ही घाई कळते. पण मायक्रोलेन्स (अगदी बारीक लेन्स), फ्रीफॉर्म (वेडेवाकडे आकार), फास्ट टूल सर्वो (कापताना टूल झपाट्याने मागेपुढे हलवणारी यंत्रणा) हे सगळं सध्या बाजूला ठेव. ॲल्युमिनियमच्या साध्या सपाट चकतीवर हात बसव.

नवख्यांची सगळ्यात महागडी चूक म्हणजे हिऱ्याचं टूल थेट स्टीलला लावणं. हिरा म्हणजे शेवटी कार्बनच. कापताना लोखंडाशी त्याची रासायनिक झीज होते आणि धार बघता बघता जाते. म्हणून मोल्डच्या स्टीलवर निकेल-फॉस्फरसचा थर चढवतात आणि कापायचा तो फक्त थर. मी एकदा थर किती उरलाय ते न बघता कट घेतला आणि खालच्या स्टीलला टेकलो. नव्या टूलचा भाव ऐकून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही!

बाकी तीन गोष्टी:

- तापमान: १०० मिमी ॲल्युमिनियम १ अंशाने तापलं की सुमारे २.३ मायक्रॉन वाढतं. जॉब (कापायचा तुकडा) लावल्यावर लगेच कट घेऊ नकोस, चहा पिऊन ये.
- टूलची उंची: कापलेल्या चकतीच्या मधोमध बारीक टोक उरलं, तर टूल केंद्राच्या वर किंवा खाली आहे.
- फीड, म्हणजे एका फेरीत टूल किती सरकतं ते: टूलच्या टोकाची त्रिज्या १ मिमी आणि फीड फेरीला १० मायक्रॉन असेल, तर हिशेबाने पृष्ठभागावर उरणारे उंचवटे साडेबारा नॅनोमीटरचे. फीड निम्मं केलं की ते चौथाईवर येतात.

आणि तयार पृष्ठभागावर फडकं फिरवू नकोस. तोंडाने फुंकरही नको, थुंकी उडते.