सत्तावीस सांगितले की बहात्तर का लिहिते?

प्रश्न : माझी मुलगी पहिलीत आहे. शंभरपर्यंतच्या संख्या ती न अडखळता म्हणते. परंतु ‘सत्तावीस लिही’ म्हटले की हमखास ७२ लिहिते. रागावून पाहिले, पुन्हा पुन्हा लिहायला लावले, तरी फरक पडत नाही. पाढे पाठ झाले की सारे आपोआप जमेल, असे सासूबाई म्हणतात. घरी नेमके काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सर्वप्रथम रागावणे थांबवावे, कारण आपली मुलगी निष्काळजीपणा करीत नसून कानावर पडलेल्या क्रमानेच लिहीत आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र वीसचा २ आधी मांडावा लागतो. हीच अडचण ध्यानात घेऊन २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची बाजू ठामपणे मांडली. रूढ शब्द सोडावेत असे मला वाटत नाही, कारण बाजारात आणि आजीच्या बोलण्यात मुलीला तेच भेटणार आहेत. परंतु सुरुवातीला दोन्ही रीतींनी म्हणून घेण्यात काहीही गैर नाही.

मात्र केवळ म्हणून घेऊन भागणार नाही. केरसुणीचे हीर किंवा आइस्क्रीमच्या काड्या घ्या आणि तिला सत्तावीस मोजायला सांगा. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा तिनेच बांधावा. आपण बांधून दिलेला गठ्ठा तिच्या दृष्टीने एकच वस्तू असतो, स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यात दहा आहेत हे मात्र तिच्या हातांना ठाऊक असते. कागदावर दशक आणि एकक अशी दोन घरे आखून डावीकडे दोन गठ्ठे, उजवीकडे सात सुट्या काड्या ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली अंक लिहवून घ्यावेत. त्यानंतर शेजारीच बहात्तर मांडायला सांगावे. सात गठ्ठ्यांचा ढीग समोर आला की २७ आणि ७२ यांतील फरक सांगावा लागत नाही. पुढे दहाच्या नोटा व रुपयाची नाणी घेऊन हेच करता येईल. हेच गठ्ठे वजाबाकीतही उपयोगी पडतात: ३२ मधून ७ काढताना सुट्या काड्या पुरत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडावा लागतो.

एकोणतीस, एकोणचाळीस या संख्या शेवटी घ्याव्यात, कारण तेथे कानाला तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात २९. तीन गठ्ठ्यांतून एक काडी काढून दाखवली की ते उलगडते.

सासूबाईंचा आग्रह वावगा नाही. पाढ्यांचा पुढे मोठा उपयोग होतो. परंतु पाढ्यांनी ही अडचण सुटणार नाही. तूर्त दहाचा पाढा गठ्ठे मोजत म्हणवून घ्यावा, मग दोनचा आणि पाचचा. बाकीचे दुसरीत घेतले तरी चालेल.