वाचक विचारतात: रात्रीचा रिकामा रस्ता फोटोत रिकामा का वाटत नाही?

ताई, रविवारी रात्री मुंबईत बॅलार्ड इस्टेटला गेलो होतो, रस्ते एकदम सामसूम, कुत्र्यांशिवाय कोणी नाही. पण घरी येऊन बघतो तर फोटो दाणेदार, सगळं पिवळट आणि दिव्यांच्या जागी नुसते पांढरे गोळे. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची साधी किट लेन्स आहे, ट्रायपॉडही होता. लेन्स बदलू का? (डोंबिवली)

लेन्सवर एक रुपया घालवू नका. ट्रायपॉड होता म्हणताय पण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, ऑटोवर राहिला असणार, कॅमेऱ्याला काय माहीत खाली तीन पाय आहेत, तो आपला अंधार बघून आयएसओ ६४०० वर नेतो आणि दाणे येतात. आयएसओ १०० ला घट्ट बांधा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) एफ ८, आणि शटर ४ ते १५ सेकंदांच्या मधे कुठेतरी, बघत बघत ठरवायचं. बटण बोटाने दाबताना कॅमेरा हलतो म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय, बंद ठेवा, जुन्या किट लेन्समधे तर नक्कीच. फोकस ऑटोवर धडपडत असेल तर लांबच्या दिव्याखालच्या एखाद्या पाटीवर लावून मॅन्युअल करून टाका. आणि फोटो रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधे, काढा, म्हणजे पिवळटपणा घरी बसून आवरता येतो, पण पूर्ण घालवू नका हां, व्हाइट बॅलन्स (रंगांची सेटिंग) ३२०० ते ४००० केल्विनच्या आसपास ठेवला की रात्र रात्रीसारखी राहते.

आता दिव्यांचे गोळे. खांबावरचा दिवा आणि त्याच्या खालचा रस्ता यांच्या उजेडात इतका फरक असतो की एका फोटोत दोन्ही नीट येणं अवघड, त्यामुळे दिवा सरळ फ्रेममधे घ्यायचाच नाही, झाडाच्या फांदीमागे किंवा इमारतीच्या कोपऱ्यामागे लपवायचा आणि त्याचा उजेड भिंतीवर पडतोय तेवढा घ्यायचा. दिवा हवाच असेल तर एफ १६ करा, गोळ्याचा तारा होतो. लेन्सच्या भोकाभोवतीच्या पात्यांची संख्या सम असेल तर तितकेच किरण, विषम असेल तर दुप्पट, म्हणजे ७ पात्यांच्या लेन्सला १४ किरण. मला स्वतःला हे तारे फारसे आवडत नाहीत, दिवाळीच्या ग्रीटिंगसारखं वाटतं, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न.

खरी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत रस्त्याच्या मधोमध उभं राहून समोरचं सगळं घेतलंय, आणि रिकामा रस्ता असा घेतला की तो रिकामा दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो. बॅलार्ड इस्टेट ही जॉर्ज विटेटची आखणी, गेटवे ऑफ इंडिया ज्याने केला तोच. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या भरावावर हा भाग उभा राहिला, साधारण १९०८ ते १९१४ च्या दरम्यान, आणि इमारतींची उंची मुद्दाम सारखी ठेवलेली आहे. हे फोटोवाल्याच्या फार कामाचं आहे कारण वरच्या कंगोऱ्यांच्या रेषा लांबपर्यंत न तुटता जातात. मग फुटपाथच्या कडेला या, कॅमेरा कमरेएवढा खाली घ्या, एका बाजूची भिंत मोठी येऊ द्या. आणि फ्रेममधे माणसाच्या वापरातली एक तरी वस्तू हवी, वॉचमनची रिकामी प्लॅस्टिकची खुर्ची, शटरपुढे उलटं ठेवलेलं स्टूल, काहीही. दुपारी इथल्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलबाहेर बेरी पुलावसाठी ताटकळणारी माणसं ज्याने बघितलीत त्याला तीच जागा रात्री ओसाड दिसली की पोटात काहीतरी होतं, पण ते व्हायला रस्त्यावर गर्दीची खूण उरलेली लागते.

अजून एक, डोंबिवलीहून येताय तर रात्री नका येऊ, शेवटची गाडी गाठायच्या नादात घाई होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडा, सूर्य सातच्या नंतर उगवतो म्हणजे तुम्हाला तासभर गडद अंधार मिळतो आणि वर उजाडायच्या आधीचं निळं आकाश, जे आपल्याकडे जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतं.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. नाइट मोडमधे लक्ष्मी रोड असा दिसतो की जणू संध्याकाळचे पाच वाजलेत. (पुणे)

कारण फोन एक फोटो काढतच नाही, पटापट बरेच काढून एकावर एक रचतो आणि सावल्या उचलतो, अंधार म्हणजे त्याला दुरुस्त करायची चूक वाटते. उपाय सोपा, स्क्रीनवर सगळ्यात उजळ जागी बोट ठेवा आणि एक्स्पोजर खाली ओढा, चांगलं दणकून ओढा. दुकानांची शटर्स काळी पडली तर पडू देत, पाट्यांवर उजेड राहिला की झालं. फोन हातात न धरता कशाला तरी टेकवला तर तो स्वतःहून जास्त वेळ घेतो आणि फोटो स्वच्छ येतो, मी मुगाने भरलेली छोटी कापडी पिशवी बाळगते, कठड्यावर, स्कूटरच्या सीटवर कुठेही फोन तिच्यात रुतवून उभा राहतो. आणि आधी लेन्स पुसा हो, प्रत्येक दिव्यातून जी तिरकी रेघ निघते ना ती निम्म्या वेळा बोटाच्या तेलाची असते. हिरवे ठिपके मात्र पुसून जात नाहीत, ती लेन्सच्या आतली परावर्तनं, दिवा फ्रेमबाहेर काढा.

आमच्या मेन रोडला रात्री बारालाही कोणी ना कोणी असतंच. माणसं फोटोतून काढायची कशी? (नाशिक)

ही युक्ती फोटोग्राफीएवढीच जुनी आहे. १८३८ मधे दागेर या फोटोग्राफीच्या एका फ्रेंच जनकाने पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा खिडकीतून फोटो काढला, एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या सगळं गायब, उरला फक्त एक बूट पॉलिश करून घेणारा माणूस आणि त्याचा पॉलिशवाला, कारण ते दोघे एका जागी थांबले होते. तुम्हीही एफ ११ वर ३० सेकंद द्या, चालणारे विरतील. पानाच्या टपरीवर उभे असलेले मात्र भुतासारखे अर्धवट उमटतील. गाड्यांचं जमणार नाही, गाडी जाते पण हेडलाइटची रेघ ठेवून जाते.

दुसरा रस्ता म्हणजे ट्रायपॉड न हलवता थोड्या थोड्या वेळाने दहा-पंधरा फोटो काढायचे आणि फोटोशॉपमधे स्टॅक करून, म्हणजे एकावर एक रचून, मिडियन (प्रत्येक ठिकाणची मधली किंमत) घ्यायचा, जे निम्म्याहून कमी फोटोंत आहे ते निघून जातं. पण मला विचाराल तर पहाटे साडेतीनला उठा. काढून टाकलेली माणसं आणि मुळातच नसलेली माणसं यात फरक असतो, पहिल्यात दुकानं उघडी राहतात आणि बघणाऱ्याला कळतं की काहीतरी गडबड आहे.

मी आणि मैत्रीण दोघींना फोर्टात रात्री फोटो काढायचेत. पोलीस अडवतात का? आणि दोघींनीच जाणं ठीक आहे का? (ठाणे)

जा, पण दोघींचे डोळे एकाच वेळी स्क्रीनमधे नकोत, एक काढत असेल तेव्हा दुसरीने आजूबाजूला बघायचं. घरी लाइव्ह लोकेशन, ११२ हाताशी, परतीचं वाहन आधी ठरलेलं. हुतात्मा चौक, काळा घोडा, सीएसएमटीसमोरचा भाग इथे कायम कोणीतरी जागं असतं, सुरुवात तिथून करा.

पोलीस विचारतात, विशेषतः ट्रायपॉड दिसला की तुम्ही त्यांच्या लेखी शूटिंगवाल्या. आडपडदा न ठेवता सांगायचं, स्क्रीनवर फोटो दाखवायचे, हलवा म्हणाले तर हलवायचं, वाद नाही. शहीद भगतसिंग रोडवर लायन गेटकडे नेव्हीची गोदी आहे आणि त्याच रस्त्यावर पुढे रिझर्व्ह बँक आणि टांकसाळ, तिथे कॅमेरा बॅगेतच ठेवा, तिथे गंमत नाही.

आणि एक सांगते जे कोणी विचारत नाही. फोर्टातले व्हरांडे रात्री रिकामे नसतात, लोक झोपलेले असतात तिथे. तुमच्या फ्रेममधे चादर ओढून झोपलेला माणूस आला तर फ्रेम बदला, त्याचं ते घर आहे आणि तुम्ही न विचारता आत शिरलाय. फ्लॅश तर अजिबात नको.

पावसात ओल्या रस्त्यावर दिवे काय सुंदर दिसतात, पण फोटो धुरकट येतो. (पनवेल)

एसी गाडीतून उतरून लगेच काढता ना? लेन्सच्या थंड काचेवर बाहेरची दमट हवा बसते आणि धुकं धरतं, पुसलं की परत. गाडी पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काच खाली करा, कॅमेरा बॅगेत बंद राहू द्या, हळूहळू बाहेरच्या तापमानाला येईल. आणि पाऊस पडत असताना नाही, थांबल्यावर लगेच काढा, पडत्या थेंबांनी डबक्यातली प्रतिबिंबं मोडतात.